न भांगलायचा वाफा

बीन्सच्या प्रयोगात एक वाफा असा असतो, ज्याला कुणी हात लावायचा नसतो. बी पेरायचं, पाणी द्यायचं, खत द्यायचं आणि मग तण येईल तितकं येऊ द्यायचं. शेजारच्या वाफ्यांत तणनाशक मारलेलं असतं, काही वाफ्यांत बायका बसून खुरप्यानं तण काढतात. या एका वाफ्यात मात्र बीन्सचं जे व्हायचं ते होऊ द्यायचं. तणामुळे पिकाचं नेमकं किती जातं हे मोजायला दुसरा मार्ग नाही. कामाच्या कागदांत त्याला लांबलचक नाव आहे. आमच्याकडे तण काढायला येणाऱ्या बायका त्याला ‘अनाथ’ म्हणायच्या.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका वाफ्यापायी त्या बायकांमधल्या अक्काचं काम गेलं. ते वाचवायला माझं एक खरं वाक्य पुरेसं होतं. ते मी वेळेवर बोललो नाही. हे लिहिताना पश्चात्तापाचा उमाळा वगैरे आलेला नाही. दमलोय, आणि हे मनात ठेवून जास्तच दमलोय, म्हणून लिहितो.

मी चिकोडीकडचा. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात समोरचा जे बोलेल ते. बंगळुरात येऊन बावीस वर्षं झाली. शेतीची औषधं बनवणाऱ्या एका कंपनीचं प्रयोगशेत देवनहळ्ळीच्या पुढे आहे, तिथे मी काम करतो. शेत भाड्याचं, मीही जवळजवळ तसाच. दर वर्षी माझा करार नवा होतो. चौपन्नाव्या वर्षी करार नवा होणं म्हणजे काय, ते ज्याचा होतो त्यालाच कळतं. मॅनेजर पोरगेला आहे, चांगला आहे, आणि त्याला माझं वय आठवलं की मी कामाचा विषय काढतो.

तणनाशकानं तण मरतं, यात आता कुणाला नवल राहिलेलं नाही. खरा प्रश्न असतो तो पिकाला ते सोसतं का, हा. मक्याला सोसणारं औषध बीन्सला जाळून टाकतं, गाजर जे हसत पचवतं त्यानं काकडी आडवी होते. म्हणून फवारणीनंतर सात, चौदा आणि एकवीस दिवसांनी मी वाफ्यांतून फिरतो आणि प्रत्येक वाफ्याला शून्य ते दहा असे गुण देतो. शून्य म्हणजे पिकाला काही झालेलं नाही, दहा म्हणजे पीक मेलं. पानाची कड पिवळी पडली का, पान चुरगळलं का, झाड खुरटलं का, हे सगळं डोळ्यांनी बघायचं. काही वाफ्यांत औषध ठरल्या मात्रेनं मारतात आणि काहींत मुद्दाम दुप्पट. दुप्पट कशाला, असं लोक विचारतात. शेतकरी वाफ्याच्या टोकाला वळतो तेव्हा पंप बंद करत नाही आणि तिथे औषध दोनदा पडतं. माहितीपत्रकातला शेतकरी कधी चुकत नाही. खरा शेतकरी दुपारी दमलेला असतो. दुप्पट मात्रेचा वाफा त्याच्यासाठी.

अक्का माझ्याच वयाची. देवनहळ्ळीपलीकडच्या एका खेड्यातून सहा बायका मिनी टेम्पोनं येत, त्यांतली ही थोरली. बायकांना गोळा करून आणणारा मेस्त्री वेगळा, म्हणजे आपल्याकडचा मुकादम. पण शेतात एकदा बसल्या की सगळ्या अक्काकडे बघून बसायच्या आणि अक्काकडे बघून उठायच्या. तिचं-माझं बोलणं कन्नडमध्ये चाले. इथे मी ते मराठीत लिहितोय, फक्त तिचं ‘सर’ला ‘सार’ म्हणणं तसंच ठेवलंय. माझी उत्तरेकडची कन्नड ऐकून ती पहिल्या दिवशी म्हणाली होती, “सार, तुम्ही भांडताय की बोलताय?” मी म्हटलं, आमच्याकडे दोन्ही एकच. तेव्हापासून माझा आवाज चढला की ती बाकीच्यांना सांगायची, “घाबरू नका, सार प्रेमानं विचारतायत.”

तिची नजर माझ्यापेक्षा तयार होती, हे कबूल करतो. दोन पानांवर असलेलं रोप बघून ती सांगायची, हा तांदुळजा, ही घोळ, हा लव्हाळा, याला आत्ताच काढा नाहीतर पस्तावाल. एकदा सकाळी तिनं मला हाक मारून एका वाफ्यातली पिवळी पडलेली ओळ दाखवली. सरळ, बोटभर रुंद, दोरी धरून काढावी तशी. मी आदल्या दिवशी तिथूनच गुण देत गेलो होतो आणि मला ती दिसली नव्हती. पंपाचं तोंड गळत होतं. मी त्या वाफ्याचे गुण खोडून पुन्हा दिले, आणि तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

आता पातीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. भांगलायला, म्हणजे खुरप्यानं तण काढायला, बसताना प्रत्येक बाई एक पट्टा धरते. त्याला आम्ही पात म्हणतो. या बायकांचा एक रिवाज होता. एखादी आली नाही तर तिची पात बाकीच्या करत नसत. तशीच ठेवत. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यायची, सगळ्यांच्या आधी यायची आणि आपली पात पुरी करूनच बाकीच्यांच्या ओळीत बसायची. कुणाचे उपकार नकोत आणि कुणी मागून बोलायलाही नको. शिवाय पात राखली म्हणजे ती परत येणार हे सगळ्यांनी धरलेलं असायचं. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला राग आला होता, कारण वाफा अर्धा साफ आणि अर्धा तसाच. पण माझ्या आईनं तंबाखूच्या शेतांत अशीच पात धरलेली, त्यामुळे मी फार ताणलं नाही. चार दिवसांचा फरक प्रयोग सोसतो.

पण हा रिवाज चालू असताना न भांगलायचा वाफा ओळखू यायला हवा. म्हणून त्याच्या खुंटीला लाल फडकं बांधायचं. एका प्रयोगात असे चार वाफे असतात, चार जागी विखुरलेले, आणि दर हंगामाला त्यांच्या जागा बदलतात. फडकं बांधणं माझं काम. तीन हंगाम मी ते चोख केलं.

चौथ्या हंगामात पेरणीच्या दिवशी माझे गुडघे सकाळपासूनच बोलायला लागले होते. खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, तीन वाफ्यांना फडकी बांधली आणि चौथ्याला कापड संपलं. देवनहळ्ळीच्या बाजारात जाऊन हातभर कापड आणायचं, एवढंच. उद्या आणू म्हटलं. आणि वहीत चारही वाफ्यांपुढे बरोबरची खूण करून टाकली, कारण उद्या आणणारच होतो. उद्या फवारणीची तयारी होती. परवा पंप बिघडला. मग पाऊस आला आणि फवारणी आठवडाभर पुढे गेली. शेजारच्या शेतात बंगल्यांचे प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्यांचा जेसीबी आला आणि आमच्या पाण्याचा पाइप तोडून गेला, तो सांधण्यात आठवडा गेला. फडकं डोक्यातून निघून गेलं ते गेलंच.

पेरणीनंतर विसाव्या दिवशी पहिली भांगलण होती. अक्का तेव्हा नव्हती. मुलीच्या बाळंतपणाला होसकोटेला गेली होती. खुंट्या ठोकल्या तेव्हाही ती नव्हती आणि वाफे नेमून दिले तेव्हाही नव्हती. बाकीच्या पाच जणींना मी खुंट्या ठोकल्या त्या दिवशीच तोंडी सांगितलं होतं की झाडाजवळचा तो चौथा वाफा सोडा. त्यांनी तो सोडला. आपापल्या पाती केल्या, अक्काच्या राखल्या, आणि संध्याकाळी टेम्पोत बसून गेल्या.

त्यानंतर चौथ्या दिवशी मी साडेआठला शेतावर पोचलो. झाडाजवळच्या वाफ्यापाशी अक्का उभी होती, पदरानं तोंड पुसत. वाफा स्वच्छ. इतका स्वच्छ वाफा मी त्या शेतात पाहिला नव्हता. बीन्सच्या मुळाशी माती लावलेली, बांधावर तणाचे ढीग नीट रचलेले, मुळं वर करून, म्हणजे पुन्हा जीव धरणार नाहीत. ती पहिल्या बसनं आली होती. पाच जणींनी पातींसोबत एक अख्खा वाफाही राखलाय म्हणजे आपल्या इतक्या दिवसांच्या पातींचाच हिशेब असणार, असं तिला वाटलं. एवढ्या रजेबद्दल एवढं काम तिला रास्तच वाटलं असावं. दोन तासांत तिनं एकटीनं तो वाफा उपसला होता. सहा दिवसांनी त्यातल्या तणांची मोजणी व्हायची होती.

मी ओरडलो. काय ओरडलो ते सगळं आठवत नाही, पण या वेळी प्रेमानं नव्हतं हे बायकांना कळलं. शेवटी मी विचारलं, “लाल फडकं दिसलं नाही?”

“फडकं नव्हतं, सार. मी आधी बघितलं.”

मी खुंटीकडे बघितलं. उघडी खुंटी. त्या क्षणी कापड, बाजार, वहीतली खूण, सगळं एकदम आठवलं, आणि तेवढ्यात मागून मेस्त्री आला. त्यानं ढीग बघितले, मला बघितलं आणि विचारलं, “फडकं बांधलं होतं ना, सार?”

“होतं,” मी म्हणालो. “वाऱ्यानं गेलं असेल.”

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणतात ते हेच. हे खोटं मी योजून बोललो असतो तर बरं झालं असतं. निदान हुशार तरी ठरलो असतो. पण दमलेल्या माणसाचं खोटं सवयीनं येतं, शिंक यावी तसं. अक्कानं माझ्याकडे एकदाच बघितलं. मेस्त्रीनं तणाच्या ढिगाला पायानं हलवलं. त्यात तांदुळजा होता, हातभर वाढलेला, आणि घोळ होती, लुसलुशीत. फवारलेल्या वाफ्यांतली भाजी न्यायची नाही असा नियम होता, त्यामुळे बायका इतर ठिकाणची न्यायच्या. सगळ्या पालेभाज्या एकत्र घोटून केलेलं त्यांचं कालवण फार छान होतं, मीही डब्यातून खाल्लंय. मेस्त्री म्हणाला, “आता कळलं. सोप्पूसाठी उपटलंय हिनं.” सोप्पू म्हणजे पालेभाजी.

ती म्हणाली, “अय्यो, नाही.” एवढंच म्हणाली. ढीग बांधावर होते आणि तिची पिशवी झाडाच्या फांदीला टांगलेली, रिकामी. ती मला दिसत होती. मेस्त्रीलाही दिसली असती, कुणी दाखवली असती तर. मी मूग गिळून उभा राहिलो.

प्रयोगात काही बिघडलं की त्याची लेखी नोंद मॅनेजरला पाठवावी लागते. मी बसून ती लिहिली. मजुराकडून चुकून तण काढले गेले. वाफ्यावर खूण होती. पहिलं वाक्य खरं, दुसरं खोटं. दुसरं नसतं तर चूक कुणाची हे मॅनेजरनं मला विचारलं असतं. ते होतं, म्हणून त्यानं मेस्त्रीला विचारलं. दुपारपर्यंत निरोप आला की त्या बाईला पुन्हा आणू नका. मेस्त्री तिला माझ्यासमोर सांगायला लागला तेव्हा मी पाण्याचा व्हॉल्व्ह बघायला गेलो. व्हॉल्व्हला काही झालेलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मी गुण देत फिरलो. एकवीस दिवसांचे गुण फार चांगले आले. दुप्पट मात्रेच्या वाफ्यांत सातव्या दिवशी पानांच्या कडा पिवळ्या होत्या, चौदाव्या दिवशी थोड्या, एकविसाव्या दिवशी नवी पानं हिरवीगार. बीन्सनं औषध सोसलं होतं. मी चारही वाफ्यांना एक-एक गुण दिला. पंपाच्या तोंडाकडे रोज दोनदा बघायला लागलो होतो, कारण आता ते दाखवणारं कुणी नव्हतं. करारही नवा होईल असं दिसत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. बसमध्ये बसलो की झोप यायची आणि घरी आलो की उडायची.

चाळिसाव्या दिवशी दुसरी भांगलण झाली. पाच जणी आल्या, एक नवी बाईही होती. संध्याकाळी टेम्पो गेल्यावर मी वाफ्यांवरून फेरी मारली आणि मधेच थांबलो. हातानं भांगलायच्या चारही वाफ्यांत, प्रत्येकात डावीकडचा एक पट्टा तसाच होता. वीतभर तण, अखंड, दोरी लावून सोडल्यासारखं. अक्का नेहमी डावीकडची पात धरायची.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “हे काय?”

त्यांतली एक, जी एरवी माझ्याशी बोलतही नसे, खुरपं पुसत म्हणाली, “अक्काची पात आहे, सार.”

“अक्का येणार नाही.”

“सरी,” ती म्हणाली, म्हणजे ‘बरं’. “तसं आम्हाला कुणी सांगितलं नाही.”

“मेस्त्रीनं सांगितलं असेल की.”

“मेस्त्रीनं सांगितलं. तुम्ही नाही सांगितलं.”

बाकीच्या खाली बघून काम करत होत्या. नवी बाईही. तिला कुणीतरी रिवाज समजावला असणार, कारण तिनंही डावीकडची पात सोडून दुसरी धरली होती. मला एकदम फार राग आला. तुमच्या या पाती, तुमचे हे मान, आणि गुण मी द्यायचे, नोंदी मी लिहायच्या, उत्तरं मी द्यायची. मेस्त्रीला सांगून त्यांना हुकूम करणं सोपं होतं. मी केला नाही. केला असता तर त्या उठून गेल्या असत्या असं वाटतं. आणि खरं सांगायचं तर मला त्यांची भीतीही वाटली.

त्या पाती मी केल्या. बायका गेल्यावर, दुपारी चारनंतर, कोठीतलं खुरपं घेतलं आणि पहिल्या वाफ्याच्या डाव्या कडेला उकिडवा बसलो. बावीस वर्षं मी तण मोजतोय, तोलतोय, त्याचे फोटो काढतोय. भांगलायला मात्र शाळेत असताना आईबरोबर बसलो होतो त्यानंतर बसलो नव्हतो. पाच मिनिटांत गुडघ्यांनी जाब विचारला. दहाव्या मिनिटाला मी एक बीन्सचं झाड मुळासकट उपटलं. लव्हाळ्याचा शेंडा हातात यायचा आणि गाठ जमिनीतच राहायची. बसायला गोणपाट घेतलं, मग एका गुडघ्यावर टेकलो, मग दोन्हींवर. डोक्यावरून विमानं जात होती, दर थोड्या वेळानं एक, आणि प्रत्येकाच्या आवाजाला मला वर बघायचं निमित्त मिळत होतं. चारपैकी दोन पाती होईपर्यंत उजेड गेला. उरलेल्या दोन दुसऱ्या दिवशी केल्या. बायकांनी माझी पात बघितली. त्यांनी केलेल्या पट्ट्यांशेजारी ती ओळखू येत होती, एवढं सांगतो.

त्या रविवारी बायकोनं बाजारातून बीन्स आणल्या. आम्ही दोघं ताट घेऊन शिरा काढत बसलो होतो. तिला मी तोवर काही सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं, “चालताय कसे ओ तुम्ही, म्हाताऱ्यागत?” आणि मी सगळं सांगून टाकलं. कापड, खूण, पिशवी, पाती. ती शिरा काढत राहिली. शेवटी म्हणाली, “आणि हे तुम्ही मला सांगताय. माझं काय काम गेलंय का?” आणि शेंगांचं ताट उचलून आत गेली.

सोमवारी मी मॅनेजरला फोन केला. काय बोलायचं ते बसमध्ये तीनदा घोकलं होतं. त्या वाफ्यावर फडकं नव्हतंच, मी बांधायला विसरलो, नोंदीतलं वाक्य चुकीचं आहे, बाईची चूक नाही. तेवढंच बोललो. मग तो म्हणाला, “ओके. नोंद दुरुस्त करून पाठवा ना. बाकीचे तीन वाफे आहेत, तेवढ्यावर चालेल. औषधाचे गुण तर मस्त आलेत.” मी विचारलं, त्या बाईचं? तो म्हणाला, “हां, ते मेस्त्रीला सांगा, आणू दे तिला.” फोन दोन मिनिटांत संपला. माझ्या करारावर, वयावर, कशावरही तो काही बोलला नाही. तीन आठवडे ज्या भीतीनं मी तोंड शिवून बसलो होतो, ती एवढीच होती. मला हायसं वाटलं नाही. एवढ्याशासाठी, एवढंच सारखं मनात येत राहिलं.

मेस्त्रीला सांगितलं. त्यानं कान खाजवला. “ती आता येईल का, सार? लेआउटमध्ये लागलीय, गार्डनच्या कामाला.” आमच्या शेतापासून दोन मैलांवर, जिथे पूर्वी द्राक्षाचा मळा होता, तिथे आता बंगल्यांचं लेआउट झालंय. मी म्हटलं, मीच जाऊन सांगतो. मेस्त्रीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ऊन लागलंय.

लेआउटच्या फाटकावर नाव, नंबर, कुणाकडे जायचंय, सगळं लिहून घेतात. बागकाम करणाऱ्या अक्काला भेटायचंय असं मी सांगितलं, तेव्हा वॉचमननं वहीत काय लिहावं याचा बराच विचार केला आणि शेवटी ‘गार्डन’ लिहिलं. आत रस्ते गुळगुळीत, दोन्हीकडे हिरवळ, आणि हिरवळीवर हिरवे कोट घातलेल्या चार बायका ओळीनं बसलेल्या. अक्का डावीकडच्या टोकाला. डोक्यावर कंपनीची टोपी, त्यामुळे मी जवळ जाईपर्यंत ओळखलं नाही. तिनं मला आधीच ओळखलं होतं. मान वर केली आणि हात चालूच ठेवला. हिरवळीतून लव्हाळा काढत होती.

मी तिच्याशेजारी उकिडवा बसायला गेलो, गुडघा कुरकुरला, तसाच उभा राहिलो.

“मुलगी बरी आहे?” मी विचारलं.

“बरी आहे. नातू झाला.”

“अक्का, त्या खुंटीला फडकं मी बांधलंच नव्हतं. वाऱ्यानं वगैरे गेलं नव्हतं. मी मॅनेजरला सांगितलंय.”

“कधी?”

“आज.”

तिनं लव्हाळ्याची एक गाठ मातीतून अलगद सोडवली, अख्खी, मुळासकट, आणि बाजूच्या टोपलीत टाकली. “मला वाटलं होतं, त्या दिवशीच सांगाल,” ती म्हणाली. “मेस्त्री म्हणाला तेव्हा नाही. नंतर, मी टेम्पोची वाट बघत होते तेव्हा. संध्याकाळपर्यंत वाट बघितली मी.”

मी म्हटलं, “चूक झाली माझी. सोप्पूचं जे बोलला मेस्त्री, तेही मी ऐकून घेतलं. तुम्ही परत या. दुसऱ्या भांगलणीतही त्यांनी तुमची पात राखली.”

पहिल्यांदाच ती जराशी हसली, पण ते माझ्यासाठी नव्हतं, त्या पाच जणींसाठी होतं. मग तिनं विचारलं, “किती दिवसांसाठी येऊ, सार?”

मी याची तयारी केली नव्हती. माफीची केली होती, रागाची केली होती, ती रडली तर काय याचीही केली होती. काढणीचे काही दिवस, असं काहीतरी मी बोललो.

“आणि पुढच्या हंगामाला?”

“पुढच्या हंगामाला...” मी थांबलो. एकदा खोटं बोलून झालं होतं. “बीन्सला तण काढायला बहुतेक कुणी लागणार नाही. औषध चांगलं निघालं. दुप्पट मारलं तरी पिकाला काही होत नाही.”

“तुम्ही बघितलंत?”

“मीच गुण दिले.”

“पान नीट बघितलंत ना? खालचं जुनं पान?”

“बघितलं. कडेला जरासं पिवळं, बाकी हिरवं आहे.”

ती मान हलवत राहिली, एखाद्या कामाच्या माणसानं दुसऱ्याचं काम मान्य करावं तशी. “पीक चांगलं आहे तर चांगलंच म्हणायला पाहिजे,” ती म्हणाली. “याला काही करत नाही ना ते औषध?” तिनं लव्हाळ्याकडे बोट केलं.

“याला नाही.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि पुढच्या गाठीकडे सरकली.

मी आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पंपाच्या गळक्या तोंडाचं काढणार होतो की तुमच्याशिवाय काम अवघड जातं, असं काहीसं, ज्याचा तिला काही उपयोग नव्हता. तेवढ्यात तिची नजर माझ्यामागे गेली. रस्त्याच्या कडेला एक माणूस वॉकीटॉकी घेऊन आमच्याकडे बघत उभा होता.

“तुम्ही आता जा, सार,” ती आवाज खाली आणून म्हणाली, मान वर न करता. “सुपरवायझर बघतोय. काम सोडून बोलत बसलीय म्हणेल. इथलं तरी राहू दे.”